क्रोम लायनिंगचं बॅरल आतून कसं तपासायचं: चमक बघू नका, एकसारखेपणा बघा

बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा छोटा कॅमेरा) स्वस्त झाले तेव्हापासून हे सारखं होतंय. कोणीतरी रायफल घेतो, केबल आत सरकवतो, मोबाईलच्या स्क्रीनवर उल्का पडलेल्या जमिनीसारखं काहीतरी दिसतं आणि लगेच फोटो येतो, "क्रोम उडालंय ना हे? बॅरल गेलं का?" दहातल्या आठ वेळा ते क्रोम, म्हणजे बॅरलला आतून दिलेलं पातळ कडक अस्तर, जागच्या जागी असतं, वर दारूचा कार्बन आणि गोळीच्या जॅकेटचं (वरच्या कवचाचं) तांबं बसलेलं असतं, नाहीतर एलईडी फुल ठेवलेला असतो. उरलेल्या वेळी उलटं होतं: नळीतून लांबूनच उजेडाकडे बघून "एकदम आरसा आहे" म्हणून बॅरल पास केलं जातं आणि थ्रोटजवळचा (काडतुसाच्या पुढे, रायफलिंग म्हणजे पीळदार खाचा सुरू होतात तिथला) टवका कोणाला दिसतच नाही.

म्हणून खाली क्रम दिलाय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. साफ न करता बघितलं तर बघितलेलं फुकट जातं, आणि नीट न बघता मोजायला बसलात तर आकडा कशाचा आलाय तेच कळणार नाही.

## आधी चार गोष्टी डोक्यात पक्क्या करा

एक, क्रोमचा थर फार पातळ असतो. लहान शस्त्रांच्या बॅरलमध्ये साधारण १० ते २५ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्यामुळे "जरा पॉलिश पेस्ट मारून गुळगुळीत करू" ही कल्पना डोक्यातून काढून टाका, घासायला तिथे माल कमी आहे.

दोन, क्रोम खालचा पृष्ठभाग झाकत नाही, त्याची नक्कल करतो. स्टीलवर रीमरची (भोक नीट करायच्या हत्याराची) रेघ राहिली असेल तर ती क्रोमच्या वरूनही दिसणार. भिंतीला प्लास्टर न करता नुसता रंग मारला की विटा दिसतातच, तसंच.

तीन, हा थर विजेच्या प्रवाहाने बसवतात आणि प्रवाह टोकदार कडांवर जास्त जमतो. म्हणून लँडच्या (दोन खाचांमधल्या उंचवट्याच्या) वरच्या कडेला थर जाड, आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यात पातळ. त्यामुळे क्रोमच्या बॅरलमध्ये लँडच्या कडा थोड्या गोलसर दिसतात. तो दोष नाही. कटरने कापलेल्या मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) बॅरलच्या करकरीत कडेशी त्यांची तुलना करणंच चूक.

चार, चांगलं हार्ड क्रोम बोअरमध्ये (नळीच्या आतल्या पोकळीत) बहुतेक वेळा आरशासारखं दिसत नाही. राखाडी-चंदेरी, किंचित धुरकट, सॅटिनसारखं दिसतं. चकचकीत नाही म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. सगळीकडे एकसारखं आहे का, हा खरा प्रश्न.

आणि एक ओळख-परेड: बोअर काळपट गडद दिसत असेल तर ते कदाचित क्रोम नसेलच, नायट्राइड केलेलं (स्टीलचाच पृष्ठभाग नायट्रोजनने कडक केलेलं) बॅरल असेल. स्टेनलेसचं बॅरल साफ केल्यावर उजळ दिसतं, पण त्यावर वेगळा थर संपल्याची रेघ कुठेच सापडत नाही. आपण कशाकडे बघतोय ते आधी कागदावर तपासा, मग बाकीचं.

## पायरी १: रायफल सुरक्षित करा, सामान मांडा

तुमच्या नावावर कायदेशीर असलेली रायफल, मॅगझिन बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने दोन्हींनी तपासलेलं, बोल्ट बाहेर काढलेला, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे लिहायला कंटाळा येतो, वाचायलाही येतो, तरी करा, कारण पुढचा तासभर तुमचा डोळा नळीच्या तोंडाशी असणार आहे.

सामान:

- एकसंध रॉड, शक्यतो वरून कोटिंग असलेला, आणि बोअर गाइड (रॉड सरळ आत नेणारी नळी). तुकडे जोडून बनणारा रॉड या कामाला नको, त्याच्या जोडांच्या कडा क्राउनला (नळीच्या पुढच्या तोंडाच्या कडेला) आणि थ्रोटला लागतात.
- नायलॉनचा ब्रश, आणि जॅग (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) प्लास्टिकचा किंवा निकेल चढवलेला. पितळेचा नको, कारण पुढे येतंय.
- कार्बनसाठी एक सॉल्व्हंट, तांब्यासाठी वेगळं.
- पांढरे सुती पॅच, भरपूर. रंगीत चिंध्या नकोत, आपल्याला त्यावरचा रंगच वाचायचाय.
- ९० अंशाचा आरसा असलेला बोअरस्कोप, दहा पट भिंग, छोटी टॉर्च, कापसाची काडी.
- वही. खरंच वही. फोटो काढाल पण तो कितव्या सेंटीमीटरचा ते आठवणार नाही.

इशारा: स्टीलचा ब्रश आणि घासणारी पेस्ट टेबलावर आणूच नका. जवळ असली की हात जातो.

## पायरी २: नुसतं साफ नाही, तपासणीइतकं साफ

इथेच सगळ्यात जास्त लोक गडबड करतात. वापरानंतरची नेहमीची सफाई म्हणजे दोन ओले पॅच, एक सुका, थोडं तेल. तपासणीला ते पुरत नाही. कार्बनचा पातळ थर क्रोमसारखाच राखाडी दिसतो आणि त्याखाली खड्डे लपतात, आणि उलट कार्बनचेच पापुद्रे अर्धवट निघाले की क्रोम सोलल्यासारखं दिसतं.

क्रम असा ठेवा: आधी कार्बन, मग तांबं. कारण कार्बन आणि तांब्याचे थर एकमेकांवर बसतात, वरचा कार्बन काढल्याशिवाय तांब्याचं सॉल्व्हंट खाली पोचत नाही. चेंबरच्या बाजूने रॉड घाला, कार्बनचं सॉल्व्हंट लावा, पंधरा मिनिटं थांबा, नायलॉन ब्रशच्या दहा-बारा फेऱ्या, पॅच. मग तांब्याचं सॉल्व्हंट, बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ, पॅच. परत कार्बन. परत तांबं. दोन फेऱ्यांत संपलं तर नशीब, वापरलेल्या बॅरलला चार लागू शकतात.

अमोनियाचं सॉल्व्हंट क्रोमला त्रास देत नाही हे खरं, पण क्रोममध्ये जात्याच बारीक भेगा असतात आणि खाली स्टील असतं, म्हणून रात्रभर भरून ठेवू नका. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं गंज काढायचं काहीही बोअरच्या आसपास नको, ते क्रोम सरळ विरघळवतं.

आता पितळेच्या जॅगची गोष्ट. मी एकदा पूर्ण संध्याकाळ एका बॅरलवर घालवलीय, प्रत्येक पॅच निळा बाहेर येतोय, म्हटलं किती तांबं खाल्लंय याने, अजून एक फेरी, अजून एक. रात्री कधीतरी कंटाळून तोच ओला पॅच जॅगवर गुंडाळून नुसता टेबलावर ठेवला आणि चहा पिऊन आलो तर तोही निळा. पितळेत तांबंच असतं; बॅरल केव्हाच साफ झालं होतं, मी जॅग धुवत बसलो होतो.

तपासा: तांब्याच्या सॉल्व्हंटचा पॅच आत पाच मिनिटं ठेवून बाहेर काढल्यावर निळा-हिरवा नाही, आणि कार्बनच्या सॉल्व्हंटचा पॅच काळा-तपकिरी नाही. दोन्ही नाही आले तरच पुढे. नंतर सुके पॅच फिरवून बोअर पूर्ण कोरडा करा, कारण तेलाचा थेंब बोअरस्कोपमध्ये हुबेहूब खड्ड्यासारखा दिसतो.

## पायरी ३: आधी दोन्ही टोकं, नुसत्या डोळ्याने

बोअरस्कोप अजून बाजूला. मझलवर (नळीच्या पुढच्या तोंडावर) काही डिव्हाइस असेल तर ते काढा, नाहीतर क्राउन दिसणार नाही. मग भिंग घेऊन मझलकडून बघा. बऱ्याच बॅरलमध्ये क्राउन प्लेटिंगनंतर कापलेला असतो, तेव्हा क्रोमचं पातळ चंदेरी कडं आणि बाहेर उघडं स्टील असं दिसतं. हे कडं चारी बाजूंनी सारख्या रुंदीचं आहे का बघा. एका बाजूला ठळक आणि समोरच्या बाजूला जवळपास गायब असेल तर एकतर प्लेटिंगच्या वेळी आतला इलेक्ट्रोड मध्यभागी नव्हता, नाहीतर क्राउन तिरका कापलाय. दोन्ही नोंद करण्यासारखं.

लँडच्या टोकाला, म्हणजे गोळी शेवटची जिथे टेकते तिथे, क्रोमचा टवका उडालाय का? क्रोम कडक पण ठिसूळ असतं, स्टीलसारखं वाकत नाही, टोकाला लागलं की तुटतं. कापसाची काडी क्राउनच्या कडेवरून आतून बाहेर हळू फिरवा. ज्या जागी कापसाचा तंतू अडकून राहील तिथे काहीतरी उभं आहे. डोळ्याला न दिसणारी कड कापूस पकडतो, ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आणि बहुतेक जण ती करत नाहीत.

चेंबरकडून टॉर्च मारून चेंबरची भिंत बघा. तिथेही क्रोम असेल तर रंग बोअरसारखाच राखाडी-चंदेरी. रिंगा, रेघा, डाग जे दिसेल ते लिहून ठेवा, त्याचा निकाल पुढे रिकाम्या केसवरून (झाडलेल्या काडतुसाच्या कवचावरून) लावायचाय.

मग पांढऱ्या कागदावरून आलेला उजेड नळीतून बघा. त्यात मोठी गोष्ट दिसली, जसं की फुगीर कडं किंवा अडकलेलं काही, तर थांबा. बाकी या नजरेने फिनिशचा निकाल लावू नका, लांबून तिरक्या उजेडात घाण बॅरलसुद्धा चमकतं.

## पायरी ४: बोअरस्कोप आत, पण नकाशा करून

बॅरल आडवं, हलणार नाही असं धरा. बोअरस्कोपच्या दांड्याला दर ५ सेंटीमीटरवर टेपची खूण करा. मझल किंवा चेंबर, एक टोक ठरवा आणि तिथूनच मोजा. बॅरलची वरची बाजू बारा वाजता समजा. मग नोंद अशी होते: "चेंबरपासून १२ सेंमी, ४ वाजता, लँडवर खड्डा." तीन महिन्यांनी परत त्याच जागी जाता आलं पाहिजे, नाहीतर वाढलंय की तेवढंच आहे हे कळायला मार्ग नाही. आरशात प्रतिमा उलटी होते हे विसरू नका, डावं-उजवं एकदा खात्री करून घ्या.

एलईडी सगळ्यात कमीवर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. क्रोम उजेड इतका परत फेकतं की फुल लाइटला सगळं पांढरंफेक होतं आणि बारीक खड्डे त्यात बुडून जातात. कमी उजेडात सावल्या पडतात आणि खोली कळते. बॅरल तेच, फक्त दिव्याचं बटण फिरवलं आणि लोकांनी "खराब"चं "उत्तम" केलेलं मी बघितलंय.

थांबे: थ्रोट आणि त्यापुढचे पहिले ८ सेंटीमीटर सावकाश, प्रत्येक लँड वेगळा फिरवून. मग दर ५ सेंटीमीटरला एक पूर्ण चक्कर. गॅस पोर्ट (नळीतून वायू बाहेर घेणारं भोक) असेल तर त्याच्या आजूबाजूला परत सावकाश. शेवटचे ५ सेंटीमीटर परत सावकाश. मधल्या भागात वेळ घालवायची फार गरज नसते, भानगडी टोकांना असतात.

इशारा: आरशाची टोपी स्क्रूवर असते, फिरवताना सैल होते आणि आत पडते. घालण्याआधी बोटाने घट्ट करा. आणि मॅग्निफिकेशनचं भान ठेवा, स्क्रीनवर दरी दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात नखाला लागणारसुद्धा नाही.

## पायरी ५: दिसलेलं वाचायचं कसं

हा खरा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रंग आधी. नारिंगी-गुलाबी पट्टे, लँडच्या वर लांबलचक: तांबं, म्हणजे पायरी २ ला परत. काळा किंवा चॉकलेटी मॅट थर, खाचेच्या कोपऱ्यात आणि थ्रोटच्या पुढे: कार्बन, परत पायरी २. लालसर तपकिरी, मध्ये फुगलेला ठिपका: गंज, म्हणजे तिथे क्रोममधून पाणी किंवा क्षार खालपर्यंत पोचलेत. आजूबाजूपेक्षा गडद, सपाट, स्पष्ट किनार असलेला तुकडा: हा संशयित, इथे क्रोम नसू शकतं.

रेघ कोणत्या दिशेने आहे? नळीला आडव्या, गोल जाणाऱ्या बारीक रेघा लँडवर दिसतात पण खाचेत नाहीत, तर त्या बहुतेक रीमरच्या, रायफलिंग करायच्या आधीच्या. त्यावर क्रोम सलग चढलेलं असेल, म्हणजे रेघेच्या आतही तोच राखाडी रंग असेल, तर ती फक्त फिनिशची तक्रार आहे. तांबं तिथे जास्त धरेल, इतकंच. खाचेत रायफलिंगच्या वळणाबरोबर जाणाऱ्या लांब रेघा हत्याराच्या असतात, त्याही सलग क्रोमखाली असतील तर चालतात. पण सगळ्या खुणा ओलांडून तिरकी किंवा सरळ जाणारी एकच रेघ, आणि तिच्या तळाशी वेगळा रंग, ती प्लेटिंगनंतर कोणीतरी मारलीय. बहुतेक वेळा रॉडने.

हा एक नियम लक्षात ठेवलात तरी अर्धं काम झालं: खुणेच्या तळाचा रंग बघा. तळ आजूबाजूसारखाच असेल तर खूण क्रोमच्या आधीची, तळ वेगळा असेल तर खूण क्रोमच्या नंतरची.

दाणे आणि खड्डे. प्लेटिंग करताना एखाद्या जागी धूळ किंवा खरबरीतपणा असला की क्रोम तिथे दाण्यासारखं वाढतं. एखाद-दुसरा दाणा खाचेत मधेच कुठेतरी असेल तर फारसं बिघडत नाही. लँडवर थ्रोटजवळ असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून घासणार, आणि क्रोम गोळीच्या जॅकेटपेक्षा कितीतरी कडक, म्हणजे गोळीच खरवडली जाणार. खड्डे मात्र दोन जातीचे. गोल, स्वच्छ, आत क्रोम असलेले, ते स्टीलमध्येच होते. वेड्यावाकड्या किनारीचे, आत काळे, ते नंतर झालेले.

खरबरीत धुरकट पट्टा. एखाद्या भागात क्रोम अचानक जाडंभरडं, साखर सांडल्यासारखं दिसतं. प्लेटिंगच्या वेळी तिथे करंट जास्त झाला असावा. टोकांकडे हे जास्त बघायला मिळतं. पट्टा छोटा असेल तर पॅच ओढून बघू (पायरी ६), मोठा असेल तर नवं बॅरल मी ठेवणार नाही.

जाळं. वापरलेल्या बॅरलमध्ये थ्रोटच्या पुढे सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा दिसतात. नव्या क्रोममधल्या भेगा इतक्या बारीक असतात की साध्या बोअरस्कोपला दिसत नाहीत, तुम्हाला जे दिसतंय ते उष्णतेने पडलेलं जाळं आहे. असणं साहजिक आहे, हजारो राउंड गेलेल्या बॅरलमध्ये ते नसेल तरच मला नवल वाटेल. बघायचं ते हे: जाळ्याचे तुकडे अजून जागेवर आहेत की मधलं एखादं घर रिकामं झालंय? घर रिकामं झालं की गरम वायू स्टीलला थेट लागतो, स्टील क्रोमपेक्षा लवकर झिजतं आणि क्रोमची कड खालून पोखरली जाते, मग शेजारचा तुकडा, मग त्याच्या शेजारचा. हे बहुतेक वेळा लँडच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरू होतं, म्हणून तिथे प्रत्येक लँड वेगळा बघायला सांगितलं.

गॅस पोर्ट. भोक प्लेटिंगनंतर पाडलं असेल तर कडेचं क्रोम किंचित उडालेलं असतं. बारीक दातेरी कड चालते. पण पोर्टपासून मझलच्या दिशेने सोललेला तुकडा किंवा बोअरमध्ये उभी राहिलेली बर (धातूची धारदार कड), ही चालत नाही.

थ्रोट सगळीकडून सारखा? सगळ्या लँडची सुरुवात चेंबरपासून एकाच अंतरावर व्हायला हवी. बोअरस्कोप न सरकवता फक्त फिरवा, एका बाजूचा लँड आधी सुरू होतो आणि समोरचा उशिरा, असं दिसलं तर चेंबर किंवा प्लेटिंग एकीकडे सरकलंय. पण आधी बोअरस्कोपचा दांडाच तिरका नाहीये ना ते बघा, मी त्यात फसलोय.

तपासा: नोंदीतल्या प्रत्येक संशयास्पद जागेवर परत एकदा सॉल्व्हंटचा पॅच फिरवा, सुकवा, परत बघा. जागा हलली, लहान झाली किंवा रंग बदलला तर ती घाण होती. तशीच राहिली तर ती खरी.

क्रोम आहे की नाही याचा क्राउनपाशी खूपच संशय असेल तर मोरचुदाच्या पाण्याची जुनी युक्ती आहे: काडीच्या टोकाने एक थेंब, उघड्या स्टीलवर काही सेकंदांत तांबूस रंग चढतो, क्रोमवर चढत नाही. लगेच पुसा, धुवा, सुकवा, तेल लावा. बोअरच्या आत खोलवर हे करू नका, भेगांमधलं पाणी काढणं अवघड जातं.

## पायरी ६: पॅच ओढून हाताने वाचा

जॅगवर घट्ट बसेल असा पॅच, हलकंसं तेल, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच संथ वेगाने ढकला. मध्ये थांबलात तर परत पहिल्यापासून, नवीन पॅच घेऊन, कारण सुरुवातीचा जोर नेहमीच जास्त लागतो आणि तो तुम्ही "इथे टाइट आहे" म्हणून लिहाल.

काय जाणवायला हवं: थ्रोटजवळ किंचित सैल, मग एकसारखा जोर, मझलकडे जाताना तेवढाच किंवा केसभर जास्त. मझलकडे सैल होत जाणं मला आवडत नाही, गोळी बाहेर पडताना जिथे तिला सगळ्यात जास्त आधार हवा तिथेच ती मोकळी होते. मधेच एक टाइट जागा आणि पुढे सैल, तर ती जागा बाहेरून बघा, तिथे साइटचा बेस किंवा गॅस ब्लॉक पिन करून बसवलेला असेल तर दाबाचा परिणाम असू शकतो, क्रोमचा संबंध नसेलही.

बाहेर आलेल्या पॅचवर तुटलेले तंतू, ओढलेले धागे बघा. कुठे अडकला ते रॉडच्या लांबीवरून काढा आणि बोअरस्कोपच्या नोंदीशी जुळवा. दोन्हीकडे एकच जागा आली तर संशय पक्का.

## पायरी ७: मोजणं, हवं असेल तरच

लँडचा व्यास पिन गेजने (नेमक्या व्यासाच्या पिनांनी) कळतो. ७.६२ नाटोचा बोअर लँडवर ७.६२ मिमी आणि खाचेत सुमारे ७.८२ मिमी, ५.५६ चा लँडवर ५.५६ आणि खाचेत सुमारे ५.६९. पिनला तेल लावून फक्त बोटांनी ढकला, अडकली तर मागे घ्या. ठोकायची नाही, कधीच नाही.

खाचेसाठी शुद्ध मऊ शिशाचा तुकडा बोअरमधून ढकलून तो मायक्रोमीटरने मोजतात. खाचा सहा किंवा चार असतील तर समोरासमोर मोजता येतं, पाच असतील तर साध्या मायक्रोमीटरने खरा आकडा मिळत नाही, तिथे वेळ घालवू नका. आणि घरी बसून क्रोमची जाडी मोजता येईल ही आशा सोडा. बोअरचा व्यास कळतो, त्यात क्रोम किती आणि स्टील किती ते त्यावरून कळत नाही.

## पायरी ८: केस, क्राउनवरची नक्षी आणि टार्गेट

इथवर आलात तर आता रेंजवर. चांगल्या प्रतीचा एकाच लॉटचा दारूगोळा घ्या, दोन-तीन लॉट मिसळू नका.

पहिल्या पाच रिकाम्या केस वेगळ्या ठेवा. गोळी सुटताना केस चेंबरच्या भिंतीवर दाबली जाते आणि तिचा ठसा घेऊन बाहेर येते. बोटांत धरून उजेडात सावकाश फिरवा. प्रत्येक केसवर त्याच ठिकाणी गोल रिंग असेल तर ती चेंबरमधली. लांब ओरखडे असतील तर बाहेर निघताना काहीतरी खरवडतंय, क्रोमचा दाणा किंवा कड. केसवर नखाला रेघ लागली तर ती खरी खोल, नुसती दिसतेय पण नखाला लागत नाही तर फार मनावर घेऊ नका.

वीसेक राउंडनंतर, रायफल रिकामी आणि तपासून झाल्यावर, क्राउन बघा. प्रत्येक खाचेतून वायू बाहेर पडून कार्बनची पाकळी उमटते, सहा खाचा म्हणजे सहा पाकळ्या. सगळ्या सारख्या लांबीच्या असतील तर क्राउनबद्दल निश्चिंत राहा. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड, तर पायरी ३ मधली ती कापसाची जागा आठवा.

टार्गेटवर तीन शॉटचा ग्रुप बघून काही ठरवू नका, पाच शॉटचे किमान चार ग्रुप तरी, मध्ये बॅरल थंड होऊ देत. ग्रुप एमओएमध्ये (कोनाच्या मापात) मोजतात, १०० मीटरवर १ एमओए म्हणजे सुमारे २९ मिमी. मोठ्या संख्येने बनणाऱ्या क्रोम बॅरलकडून मी दोन एमओएच्या आसपासची अपेक्षा ठेवतो, त्याहून चांगलं आलं तर आनंद. एका एमओएच्या आत हवं असेल तर मुळात क्रोम लायनिंग घ्यायचं नव्हतं, तो बॅरलचा दोष नाही.

आणि ते "ब्रेक-इन", एक शॉट आणि सफाई, एक शॉट आणि सफाई: क्रोमच्या बाबतीत मला त्यात अर्थ दिसत नाही. हार्ड क्रोम साधारण ८०० ते १००० विकर्सचं (हे कडकपणाचं माप), खालचं बॅरल स्टील ३०० च्या आसपास, आणि गोळीचं जॅकेट त्याहूनही मऊ. तांब्याने क्रोम पॉलिश होईल ही अपेक्षा कशाला? त्याऐवजी वीस राउंडनंतर पायरी २ ची सफाई करा आणि निळे पॅच किती निघाले ते मोजून लिहा. फिनिश किती खरबरीत आहे त्याचा सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच.

## पायरी ९: ठेवायचं, परत द्यायचं की नजर ठेवायची

नवं बॅरल मी परत देतो जर: कुठेही क्रोम नसलेला तुकडा असेल, कुठेही सोललेलं असेल (कितीही छोटं, कारण सोलणं सुरू झालं की थांबत नाही), थ्रोटमध्ये लँडवर दाणा असेल, लँड एकीकडे आधी सुरू होत असतील, किंवा क्राउनच्या कडेला टवका असेल. फोटो, सेंटीमीटर आणि घड्याळाची वेळ तिन्ही देऊन परत द्या, "फिनिश चांगलं नाही" एवढं लिहिलंत तर समोरचा "नॉर्मल आहे" म्हणेल आणि अर्धवट बरोबरही असेल.

ठेवतो जर: सलग क्रोमखाली रीमरच्या फिक्या रेघा, धुरकट पण एकसारखा रंग, गोलसर कडा, गॅस पोर्टची किंचित दातेरी कड. तांबं जास्त धरत असेल आणि ग्रुप ठीक असतील, तर सफाई जास्त करावी लागेल, बास.

क्राउनचा टवका वापरलेल्या बॅरलमध्ये असेल तर क्राउन परत कापता येतो, पण साध्या हायस्पीड टूलने क्रोम कापायला गेलं की कड अजून फुटते. कार्बाइडचं टूल लागतं आणि ज्याने आधी क्रोम बॅरल केलंय असा गनस्मिथ. कापल्यावर तिथे उघडं स्टील राहतं, तेलाचं बोट फिरवत जा.

वापरलेल्या बॅरलमध्ये जाळं आहे, घरं शाबूत आहेत, टार्गेट ठीक आहे, तर काहीच करायचं नाही. दर हजार राउंडनंतर तेच थांबे, तोच उजेड, तोच कोन, आणि जुना फोटो शेजारी ठेवून बघायचं. मागच्या वेळी "चेंबरपासून ९ सेंमी, ७ वाजता, दोन घरं रिकामी" लिहिलं होतं आणि आज पाच असतील, ग्रुपही उघडायला लागला असेल, तर नवीन बॅरलची ऑर्डर द्यायची वेळ आली. दोनाची दोनच असतील तर वही मिटा, बोअरवर तेलाचा पातळ हात फिरवा आणि पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी तो सुक्या पॅचने पुसायला विसरू नका.